विलासचं कापड

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — खरं तर तिच्यापासूनच ती सगळ्यात जपून ठेवली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं जरा सोपं जातंय. जरा. फार नाही.

दोह्यातल्या मराठी घरांत माझी एक ओळख आहे — फसवला गेलेला माणूस. ज्याला घरात जेवू घातलं, ज्याच्या मनगटावर बायकोने राखी बांधली, त्यानेच हलकं कापड गळ्यात मारलं, अशी ती कहाणी. गणपतीच्या जेवणाला कुणी नवीन आलेलं असलं की दुसरं कुणीतरी त्याला ती सांगतं. मी मान खाली घालतो. लोक म्हणतात, बघा, एवढं झालं तरी वाईट शब्द काढत नाहीत.

वाईट शब्द कशाचा काढू?

नीट सांगतो. वर्ल्ड कपच्या तयारीची वर्षं होती. इंडस्ट्रियल एरियात आमच्या कंपनीचा शिवणाचा कारखाना होता आणि स्टेडियमवर राबणाऱ्या कामगारांचे सुती कव्हरॉल, म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतचे अंगरखे, आम्ही शिवून देत होतो. मी मूळचा अकाउंट्सचा माणूस. ऑर्डरी वाढल्या तशी मॅनेजरने मला कापडाच्या तपासणीवर बसवलं. म्हणाला, "आपको हिसाब आता है, कपडा भी आ जाएगा."

हिशेब येत होता. कापड येत नव्हतं.

ते मला विलासने शिकवलं. विलास इचलकरंजीचा, टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेला, आणि आम्हाला कापड पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे सेल्समन. बडबड्या, थोडा बढाईखोर. शुक्रवारी आमच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटवर जेवायला यायचा. माझ्या बायकोला, सुनंदाला, भाऊ नाही. तिने त्याला भाऊ केलं, त्याने मला दाजी केलं. जेवणं आटोपली की टेबलावर कापडाचे तुकडे पसरायचे. एका इंचात उभे धागे किती, आडवे किती. सुताचा नंबर वाढतो तसं सूत बारीक होतं — हे उलटं का, ते त्याने मला तीनदा समजावलं. कापड धुतल्यावर पाच टक्के आटणार असेल तर शंभर मीटरसाठी नुसते पाच मीटर जास्त घेऊन पुरत नाहीत; शंभरला पंच्याण्णव टक्क्यांनी भागावं लागतं. मी आधी सरळ पाच मिळवले होते. विलास स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "ताई, तुझ्या नवऱ्याने अख्ख्या स्टेडियमच्या पँटी आखूड केल्या बघ!" सुनंदा हसत हसत लाटणं घेऊनच बाहेर आली.

तो विकणारा, मी तपासणारा. यात अवघड काही आहे, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

जूनमध्ये त्याचा मोठा लॉट आला. कोरडा, भाजून काढणारा वारा सुटला होता, आणि रोल पत्र्याच्या गोदामात पडून होते. स्पेसिफिकेशन साधं होतं — चौरस मीटरला दोनशे चाळीस ग्रॅम, तीन टक्के इकडे-तिकडे चालेल. त्यासाठी एक गोल कटर असतो. त्याने कापलेल्या चकतीचं ग्रॅममधलं वजन शंभरने गुणलं की उत्तर मिळतं. आता मला चुणी खपत नाही. चुणीवर कटर बसला तर चकती नेमकी येणार नाही, म्हणून मी प्रत्येक तुकड्यावर कडक इस्त्री फिरवली, कापला, आणि लगेच काट्यावर ठेवला. दोन पॉइंट अठ्ठावीस. दुसरा तुकडाही तेवढाच. तिसराही. पाच टक्के कमी.

माझंच काही चुकलं असेल, हे मनात आलंही नाही. मनात आलं ते वेगळंच — हा माझ्या टेबलावर बसून मला मोजायला शिकवत होता, ते मला किती मोजता येतं हे बघायला? माझ्या घरची पोळी खाऊन? सख्ख्या भावाने दगा द्यावा, तसं वाटलं.

विलास धावत आला. आधी त्याला ती थट्टाच वाटली. "काय दाजी, आज माझ्यावर प्रॅक्टिस का?" मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तुकडे थोडा वेळ ठेवून दिले होते ना? लगेच वजन नाही ना केलं?"

मला ती पळवाट वाटली. "काटा नातं बघत नाही," मी म्हणालो. चार माणसांसमोर.

इस्त्रीचं मी बोललो नाही. लपवलं असं नाही — ते सांगण्यासारखं आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. पण मॅनेजरने विचारलं, "स्पेसिफिकेशन के हिसाब से चेक किया ना?" आणि मी म्हणालो, "हां सर, पूरा." ते खोटं होतं. आकड्यांचं पान मी पाठ केलं होतं. तपासणी कशी करायची, ते पान उलटलंही नव्हतं.

लॉट परत गेला. व्यापाऱ्याने विलासचा व्हिसा रद्द केला आणि त्याला गावी परतावं लागलं. बायको आणि तान्ही मुलगी यायची म्हणून त्याने फरीज बिन ओमरानमध्ये खोली बघून ठेवली होती. सुनंदाने त्या घरासाठी कुकर काढून ठेवला होता. तो परत कपाटात ढकलताना ती म्हणाली, "मीच त्याला डोक्यावर बसवलं." आमची लेक कितीतरी दिवस इंग्रजीत विचारायची, विलासमामा का येत नाही. नंतर तिने विचारणं सोडलं.

ऑगस्टमध्ये हवा दमट झाली. ऑफिसचा एसी बंद पडला होता. खिडकीपाशी त्या लॉटची एक चकती राहून गेली होती; सहज काट्यावर टाकली. दोन पॉइंट सदतीस. काटा बिघडला असेल म्हणून वजनं ठेवून बघितलं. काटा ठीक होता. मग ते पान उघडलं. सुती कापड हवेतली ओल धरतं, उष्णतेने सोडतं. म्हणून ठरलेल्या तापमानात आणि दमटपणात तुकडा ठेवून मगच वजन घ्यायचं. इतकंच. मी इस्त्रीने त्यातलं पाणी उडवलं होतं, आणि त्या पाण्याला चोरी म्हटलं होतं.

मॅनेजरची केबिन समोरच होती. मी उठलो का? नाही. दुसऱ्या लॉटचे तुकडे घेतले आणि नियमाप्रमाणे ठेवून दिले. पुढे माझ्या पद्धतशीर कामाचं कौतुक झालं. ही पद्धत कधीपासून, असं कुणी विचारलं नाही.

नोकरी जाईल ही भीती होती का? फार तर बोलणी बसली असती. खरं सांगू? खरं बोललो असतो तर मी फसवला गेलेला उरलो नसतो. लोक माझ्याशी हळुवार बोलत होते. सुनंदा माझ्या ताटात आधी वाढत होती. मला ते आवडायला लागलं होतं.

एवढंच असतं तर त्याला भित्रेपणा म्हणून थांबलो असतो. पण ज्या वर्षी वर्ल्ड कप खरोखर झाला, त्या वर्षी विलासचा फोन आला. आम्ही जेवायला बसत होतो. तो गावी एका लूमवर मुकादमी करत होता. आवाज बसलेला. म्हणाला, "दाजी, इतकी वर्षं तुमच्यावर राग धरला. आता वाटतं, मिलनेच मला गंडवलं असणार. रोल आधी मी उघडून बघायला हवे होते. माझ्यामुळे तुम्हाला खाली बघावं लागलं. माफ करा."

तो थांबला. उत्तराची वाट बघत होता. बोलायला भरपूर वेळ होता — हे मला तुम्हाला सांगायलाच हवं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "जाऊ दे विलास. मी कधीच माफ केलं तुला."

तो रडायला लागला. ताईलाही सांगा, म्हणाला. मी फोन ठेवला आणि सुनंदाला सांगितलं. तिने पदराने डोळे टिपले. "तुमचं मन मोठं आहे हो," ती म्हणाली.

मी "हं" म्हटलं, आणि ताट पुढे ओढलं.