हळे गोधी

माझ्या पुरणपोळ्यांची वडगावात ख्याती आहे. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला सवड नाही. पण गेल्या वर्षी गव्हानंच माझ्याशी वैर धरलं. दोन चपात्या खाल्ल्या की पोट टम्म फुगायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. मोठा आजार नाही, पण गहू तुम्हाला सोसत नाही, म्हणाले. मग भाकरी एके भाकरी. होळीला सगळ्यांना पोळ्या वाढल्या आणि मी नुसतं पुरण चाटलं. रडू आलं, खोटं कशाला बोलू!

यंदा होळीच्या तोंडावर डॉक्टरांना विचारलं, माहेरी जुना खपली गहू असायचा, तो चालेल का? "ग्लूटेन त्यातही असतंच," ते म्हणाले. "काहींना सोसतो, काहींना नाही. एक पोळी खाऊन बघा."

आमच्या यजमानांनी लगेच स्कूटर काढली. आमच्या सीमाभागातल्या बाजारात नुसतं 'खपली' म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण यांना कन्नड बोलायची भारी हौस. यांनी मागितला 'हळे गोधी', म्हणजे जुना गहू. पहिला दुकानदार भडकला, आम्ही शिळा माल ठेवत नाही म्हणून. दुसऱ्यानं मात्र आनंदानं पिशवी भरून दिली.

घरी येऊन यांनी पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली. "घे, एकदम जुना हाय!"

सुपात ओतला तर गव्हातले टोके किडे चहूकडं पळायला लागले.

"अवो, ह्यो गेल्या सालचा! खपली पायजे, खपली. कन्नडात जवे गोधी म्हणत्यात!" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. हे बिचारे पुन्हा स्कूटरवर.

खपलीची कणीक हट्टी निघाली. ताणली की तुटायची. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा पोळ्या फाटल्या. तांबूस, फाटकी एक पोळी तुपात बुडवून मी खाल्ली. संध्याकाळपर्यंत हे दर अर्ध्या तासानं विचारत होते, "फुगलं का गं?"

न्हाई फुगलं.

तेव्हा कुठं यांनी ताट मांडलं आणि चार पोळ्या हाणल्या. मी बघतच राहिले. गेल्या होळीला यांनी पोळीला हातही लावला नव्हता.

"गोड सोडलंय म्हणत हुता न्हवं?"

"गोड कशाला सोडू? तू खात न्हवतीस. घशाखाली उतरंना."