मामांचं चूर्ण आणि मॅडमची गोळी

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील समस्त नातलग, शेजारी व स्वयंघोषित वैद्य यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घरी एक युद्ध झाले, ते मी जिंकले, आणि हरलेला शत्रू अजूनही दिवाळीला माझ्याच हातच्या चकल्या खातो.

शत्रू म्हणजे माझ्या वहिनीचे थोरले भाऊ. यांचं ऑफिस नव्या रायपुरात हललं आणि रोजच्या लांबलचक बस-प्रवासात सहप्रवाशांच्या नाड्या बघता बघता यांना वैद्यकी फुटली. खिशात पुड्या, तोंडात उपदेश. मला हा माणूस पहिल्यापासून आवडत नाही, आणि ते लपवायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत.

वहिनीची मुलगी, म्हणजे त्यांची भाची आणि माझीही, तेव्हा चौथीत होती. शाळेचं फाटक दिसलं की थरथरायची, श्वास अडकायचा, रडत घरी परत. मुलांच्या मनाच्या डॉक्टर मॅडमनी तिच्याशी बोलणं सुरू केलं, जोडीला एक गोळी दिली. हळूहळू पोरगी फाटकातून आत जायला लागली. एकदा तर वर्गात कविता म्हणून आली.

आणि मग बाकावर झोपायला लागली. सकाळी उठवलं तरी डोळे उघडेनात.

मला कारण माहीत होतं. मामा रोज संध्याकाळी यायचे आणि तिच्या निजतानाच्या दुधात स्वतःच्या हातानं चूर्ण कालवायचे.

"भाऊ, काय टाकता त्या दुधात?"

"झाडपाला आहे, ताई. झाडपाल्यानं कोनाले काय होते?"

"धोतराही झाडपालाच. आधी तुम्ही पिऊन दाखवा."

"तुमाले काही समजते का? पोट्टीले केमिकल खाऊ घालून राहिले सारे, अन् मलेच विचारता!"

मॅडम दर वेळी विचारायच्या, "आणखी काही देता का हिला?" वहिनी शांतपणे म्हणायची, "नाही मॅडम, फक्त तुमची गोळी." ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे औषध म्हणजे दवाखान्यातून येतं ते. दुधात घातलेलं दूधच.

एकदा मी मध्ये तोंड घातलं, चूर्णाचं सांगून टाकलं. वहिनी हसली. "यांचं मनावर घेऊ नका, मॅडम. आमच्या लग्नात हत्ती आला होता, असंही सांगतात या." आला नव्हता. यायला हवा होता. पण त्या दिवशी मला माझ्या सगळ्या रंगवलेल्या गोष्टींचा पहिल्यांदा राग आला.

पुढच्या खेपेला मामाच गाडी चालवत आले आणि आत येऊन छाती काढून बसले. मॅडम म्हणाल्या, "भीती कमी झालीय, पण इतकी झोप बरी नव्हे. ही गोळी बंद करावी लागेल."

पोरीनं दप्तराचा पट्टा मुठीत आवळला. "मग पुन्हा फाटकापाशी तसंच होईल?" तिनं विचारलं.

मी पदर सावरला. नाटकात काम केलं नाही कधी, पण संधी ओळखते.

"मॅडम, काय ती तुमची गोळी! पोर हसत शाळेत जाते. सगळं श्रेय तुमचं. घरच्यांनी तर काडीचंही काही केलं नाही."

मामांची मिशी हलली.

"हे मामा बसलेत ना, यांना विचारा. एवढे जाणकार, पण यांचा कणभर हात नाही यात. हो ना, भाऊ?"

मान लाल झाली. कान लाल झाले. वहिनीनं त्यांची बाही ओढली. मी गोड हसले.

"बोला ना. बसमधल्या लोकांना तेवढं बरं करता, भाचीसाठी काय केलंत?"

मामा ताडकन उठले. मॅडमसमोर एरवी साहेबी हिंदी बोलणारा माणूस, थेट घरच्या बोलीत गरजला:

"गोळीनं कायची बरी होते! माह्या चूर्णानं बरी झाली ते! रोज निजताना भरला चमचा मी सोता टाकून राहिलो तिच्या दुधात!"