मागच्या गल्लीने जाणारे पेशंट

दात दुखत नसताना जो पेशंट केळ्यांचा घड घेऊन दवाखान्यात येतो, त्याने आपल्या पाठीमागे काहीतरी केलेलं असतं. इंडोनेशियातल्या सालातिगा गावात आयुष्यभर दातांचा दवाखाना चालवून बू डॉक्टर एवढं पक्कं शिकल्या होत्या. त्यांचं नाव वेनिंग. पण नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना बू डॉक्टर, म्हणजे डॉक्टरीणबाई, असंच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची, दाराशी बाक आणि मदतीला सारमी, एवढाच त्यांचा संसार.

हा धंदा त्यांनी संशयावरच उभा केला होता. ‘दोन्ही वेळा ब्रश करतो’ म्हणणाऱ्याचं तोंड त्या आधी उघडून बघत, मग मान डोलवत. औषधवाला एकावर एक फुकट द्यायला लागला की बाटलीवरची तारीख वाचत. कवळी करून आणणारा कारागीर जरा जास्तच हसला, तर एकेक दात उजेडात धरून पाहत. डोळे मिटून विश्वास टाकला तो फक्त सारमीवर. तिने उकळून ठेवलेली हत्यारं त्यांनी कधी दुसऱ्यांदा तपासली नाहीत.

तर केळी घेऊन आल्या होत्या शाळामास्तरांच्या बायको, बू लास्मी.

“सहज आले हो. अंगणातलीच आहेत.”

“दात कसे आहेत?”

“छान! तुमच्या कृपेने अगदी छान.”

बोलताना बाई ओठ मिटून हसत होत्या. सारमीने आल्याचा चहा आणला, कुणीतरी विनोद केला आणि त्यांचं तोंड उघडलं. डावीकडची एक दाढ गायब होती.

“ही कुठे गेली?”

“ती होय? पडली हो. आपोआप.”

दाढ काय पिकला आंबा आहे, आपोआप पडायला? हिरडी कशी नीट भरून आली होती. हे सफाईचं काम होतं, दुसऱ्या हाताचं. आणि दुसरा हात गावात एकच होता: गेल्या वर्षी जकार्ताहून आलेली तरुण डॉक्टर निकेन.

मग बू डॉक्टरांना बाकीचंही दिसू लागलं. बाजाराला जाणारी माणसं पूर्वी दारावरून हाक मारून पुढे जात. आता ती मागच्या गल्लीने वळसा घालत होती. एका दुपारी त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा खाली त्याच गल्लीत सारमी दिसली. गालाला हात लावून उभ्या असलेल्या एका माणसाला ती रस्ता दाखवत होती. बोट निकेनच्या दवाखान्याकडे.

बू डॉक्टरांच्या हातातला चिमटा खाली पडला. एवढ्या वर्षांचं मीठ! निकेन हिला काय देत असेल? जेवताना त्यांनी सारमीला काही विचारलं नाही. त्या गावात कुणाला ‘चालती हो’ म्हणत नाहीत. ‘आता तू आराम कर’ म्हणतात. उद्या संध्याकाळी ते म्हणायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

सकाळी मिनीबस चालवणारे पाक कार्दी, म्हणजे कार्दीकाका, दाढ काढायला आले. पडद्यामागून बू डॉक्टरांना सारमीची कुजबुज ऐकू आली.

“आज बू डॉक्टरांना बरं नाही हो.”

“मला काय धाड भरलीय?” त्या पडदा सारून बाहेर आल्या. “बसा, पाक कार्दी.”

भुलीचं इंजेक्शन झालं. दाढ पकडीत धरली, जोर लावला. पकड निसटली आणि कार्दींचा जबडा खाडकन हलला. पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

“दुखतंय का?”

“छे हो! काहीच नाही,” कार्दी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर सारमीकडे लागली होती. तुफानात बस पलटायला आल्यावर प्रवासी ड्रायव्हरकडे बघतात, तशी.

बू डॉक्टरांनी आपल्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. न्हाणीत घसरून ते मोडलं होतं. प्लास्टर निघालं आणि आपण बरे झालो असं त्या धरून चालल्या होत्या. स्वतःवर तेवढा संशय घ्यायचा राहिला होता.

त्यांनी पकड ट्रेमध्ये ठेवली.

“केव्हापासून पाठवतेयस?”

“प्लास्टर निघाल्यापासून.” सारमीने नाटक केलं नाही. “फक्त काढायच्या दाढा. भरायचे दात, कवळ्या सगळं इकडेच करा म्हणून बजावते.”

“मला सांगायला तोंड नव्हतं?”

“तुम्हाला कोण सांगणार? लोक तुमच्यासमोर ‘छान काढलीत’ म्हणायचे आणि माझ्या ओट्यावर येऊन रडायचे. मलाही धीर झाला नाही.”

“खोटं बोललीस. हे मी विसरणार नाही.”

“नका विसरू.”

“आणि पाठवलेले परत येतात का?”

सारमी चुळबुळली. “काही येतात. काही... तिकडेच रमतात.”

“बघ! मला वाटलंच होतं!”

खुर्चीतून अर्ध्या बधिर तोंडाने आवाज आला, “बू डॉक्टर, मी जाऊ का तिकडे? भूल उतरेल.”

“एकटे कशाला? आम्ही दोघीही येतो.” त्यांनी अंगातला पांढरा कोट उतरवला. “यापुढे दाढा काढायला मी स्वतः पाठवणार, चिठ्ठी देऊन. बाकी कामाला तिने माणूस परत पाठवायचा. हे तिच्याशी समोरासमोर बोलायचं. आणि आपण पुढच्या रस्त्याने जायचं, सगळ्यांच्या देखत.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“जकार्ताची आहे ती. नाही म्हणायचं असेल तर निदान तोंडावर म्हणेल.”

सारमीने पाक कार्दींचा दंड धरला. बू डॉक्टरांनी डाव्या हाताने दार ओढून घेतलं.