आईनं माझ्या कंट्रोलरला विळ्याची मूठ बांधली

स्वतःच्या पसंतीनं बनवून घेतलेला गेमचा कंट्रोलर कामाचा आहे का, असं तुम्ही बरेच जण विचारत होते. उत्तर आज मिळालं.

रंग मी निवडला, स्टिकची उंची मी निवडली, मागं दोन जास्तीची बटणं लावून घेतली. पण सामना रंगला की माझ्या तळहातांना घाम सुटतो आणि कंट्रोलर निसटतो. आज दुपारी फुटबॉलची ऑनलाइन स्पर्धा होती. सकाळी सरावात पुन्हा तेच झालं.

आई धानकापणीला निघाली होती. "काहून चिडून राहिली वो?" मी सांगितलं. विळ्याच्या मुठीला बांधतात तशी तिनं जुन्या सायकल ट्यूबची पट्टी कापली आणि कंट्रोलरला करकचून गुंडाळली. मागची दोन्ही बटणं झाकली गेली. मी तिच्यावर ओरडलेच.

"मंग आधी सांगाचं ना. धरून दाखव, कोन्तं बोट कुठं टेकते."

माझी बोटं नीट पाहून तिनं पट्टी सोडली आणि बटणं मोकळी ठेवून पुन्हा बांधली. त्यात तिला शेतावर जायला उशीर झाला.

दुपारी स्पर्धेत दोन सामने जिंकले, तिसरा हरले. हात ओले झाले, पण कंट्रोलर जागचा हलला नाही.

संध्याकाळी आल्यावर आईनं निकाल विचारलाच नाही. पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाली, "सुटली तं नाही ना?"

तुमच्या कामाची वस्तू तुमच्या हाताला कोणी बसवून दिली होती? ती किती कामी आली, हे त्यांना सांगितलंत का? मला आज तोंडानं जमलं नाही, म्हणून इथं लिहिलं. आता आईला वाचून दाखवते.