जित्या नानांचं सुतक

गेणबा गुरवाच्या अंगात दोन कला होत्या. एक शिंग फुंकायची, आणि दुसरी भर वाऱ्यात एका काडीवर बिडी पेटवायची. ताम्हिणीच्या अलीकडं, मुळशी धरणाच्या पाण्याला लागून त्याची वाडी. तिथल्या महादेवाची पूजा त्याच्याकडं होती, आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांत, पालख्यांत शिंगाचा मानही त्याचाच. गाल फुगवून त्यानं शिंग तोंडाला लावलं की आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला जायचा आणि तिकडची गुरं चरता चरता माना वर करायची. बिडीला मात्र मान, मुहूर्त काही लागायचं नाही. उठल्याबरोबर बिडी, परसाकडं जाताना बिडी, पूजेला बसण्याआधी बिडी आणि पूजा आटोपली म्हणून बिडी.

या दोन्ही कला एकाच छातीत किती दिवस नांदणार? अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात त्यांची फारकत झाली, तीही हैबतराव ढमाल्याच्या दारात.

हैबतरावाच्या थोरल्या लेकीचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसून मांडवापाशी आला, वाजंत्री थांबली, आणि सगळ्यांनी गेणबाकडं पाहिलं. गेणबानं छाती भरून घेतली आणि फुंकलं. सुरुवातीचा सूर बरा निघाला. मग छातीत काहीतरी अडलं आणि उरलेला सगळा दम खोकला होऊन शिंगातूनच बाहेर पडला. तो आवाज कशासारखा होता यावर वाडीत पुढं बरेच दिवस वाद चालला. कुणी म्हणे रेडकाला पडसं झालं की ते असं ओरडतं, कुणी म्हणे घाटात बंद पडायच्या आधी यष्टी असाच हुंदका देते. घोड्याला तर तो आवाज अजिबात ओळखीचा वाटला नाही. तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि नवरदेव घसरत येऊन नेमका ढोलावर बसला. नवरदेवाला लागलं नाही. ढोल फुटला.

हैबतराव गेणबाजवळ आला. "गेणबा, बस सावलीला," तो म्हणाला. "जरा पानी पी." हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं, की दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं गेणबाला वाटलं. त्या दिवशी तो जेवला नाही. बुंदी होती तरी.

अनुसयानं, त्याच्या बायकोनं, त्याला पौडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीला, पाठीला नळी लावली आणि सांगितलं, "शिंग वाजवायचं की बिडी ओढायची, एक काय ते ठरवा."

"लगीनसराईत शिंग आन् पावसाळ्यात बिडी, आसं न्हाई का चालायचं?" गेणबानं विचारलं.

डॉक्टरनं नळी टेबलावर ठेवली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

घरी आल्यावर गेणबा म्हणाला, "मी म्हादेवाम्होरं बेल उचलून शपत घेतो."

"त्याची शपत नगं," अनुसया म्हणाली. "त्यो तुमच्या रोजच्या उठण्याबसण्यातला हाय. तुमी दोगं मिळून काय ठरवाल त्याचा नेम न्हाई. माझ्याम्होरं सांगा."

गेणबानं सांगितलं. अनुसयानं त्याच्या कोपरीतले, फळीवरचे, पूजेच्या परडीखालचे बिड्यांचे सगळे कट्टे गोळा केले आणि चुलीत घातले. जो काही धूर झाला त्यात गेणबा डोळे मिटून उभा राहिला. धूर विरेपर्यंत तो तिथून हलला नाही.

अडचण दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. टमरेल घेऊन तो ओढ्याकडं गेला, बराच वेळ बसला, आणि जसा गेला तसाच परत आला. त्याच्या पोटाला धूर आत गेल्याशिवाय कामाला लागायची सवयच नव्हती. मग डोकं चढलं. मग हात रिकामे वाटायला लागले. चांगले थोराड हात, पण त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. कधी कमरेवर ठेवी, कधी काखेत घाली, कधी उगाच भिंतीला टेकवी. तोंडात काहीतरी हवं म्हणून अनुसयानं फुटाणे भाजून दिले. ते संपले. मग गूळ संपला, आमसुलं संपली. एका सोमवारी पूजेला आलेल्या बाईनं पाहिलं, तर पिंडीवरच्या बेलाला एका बाजूनं दातांच्या खुणा होत्या. गेणबानं ते वानरावर ढकललं.

त्यात भिवाजीनं छळ मांडला. भिवाजी म्हणजे त्याचा बिडीसोबती. म्हशी पाण्यावर सोडल्या की तो देवळाच्या ओट्यावर यायचा, आणि दोघं तासन्‌तास धूर काढत बसायचे. गेणबानं सोडल्याचं त्याला मनाला लागलं.

"माझं काय चुकलं का?" त्यानं विचारलं.

"तुजं काय चुकंल? डाक्टरनं सांगितलंय."

"डाक्टर काय रोज येऊन बसणार हाय का तुज्याजवळ?" असं म्हणून भिवाजीनं आपली पेटवली. गेणबा उठला आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला, वारा जिकडं जात होता तिकडं, जाऊन बसला. भिवाजीला वाटलं तो रुसला.

असा वैशाख गेला, जेठ गेला, आणि पावसाळा लागला. ताम्हिणीच्या अंगाचा पाऊस म्हणजे एकदा धरला की समोरचा डोंगर चार-चार दिवस दिसत नाही. भातलावणी उरकल्यावर माणसानं करायचं काय? घरात ओल, कपड्यांना ओल, सरपणाला ओल. अशा वेळी गरम म्हणावी अशी एकच वस्तू गेणबाला ठाऊक होती, आणि तिच्यावर बंदी होती.

श्रावणातल्या एका सकाळी तो देऊळ झाडत होता. खांबामागं त्याला एक थोटूक सापडलं. भिवाजीचंच असणार. अर्धीअधिक बिडी शाबूत, आणि नवल म्हणजे कोरडी. गेणबानं ती उचलली ती फेकून द्यायला. मग नुसती हुंगायला. मग नुसती ओठात धरून बघायला. अनुसया रानात बेल आणायला गेली होती. काडेपेटी नव्हती, पण गाभाऱ्यात समई तेवत होती. गेणबानं महादेवाकडं पाहिलं. साधुलोक चिलीम ओढताना ह्याचंच नाव घेतात, तर ह्याला एवढं वाईट वाटायचं कारण नाही, असा त्यानं हिशोब केला आणि वाकला.

थोटूक लहान होतं आणि मिशी मोठी होती. त्यात सकाळीच तिला खोबरेल चोपडलेलं. चर्र झालं, आणि केस जळाल्याचा वास गाभाऱ्यात भरला. गेणबानं दोन्ही हातांनी तोंड चोपलं. आग विझली तेव्हा डावीकडची मिशी होती, उजवीकडची नव्हती.

तो मागच्या दारानं घरात गेला, वस्तरा काढला आणि उरलेली बाजूही उतरवली. आरशात पाहिलं तर त्याला आपल्या मेलेल्या आत्याचा भास झाला.

एवढ्यात अनुसया बेल घेऊन दारात आली. त्याच्याकडं पाहून तिचं तोंड उघडलं, पण तिच्या मागोमाग शेजारची गोजराबाई विस्तव मागायला आत शिरली, आणि पहिला प्रश्न तिनंच केला.

"आगं बया. कोन गेलं?"

आता आमच्याकडं धडधाकट माणूस मिशी उतरवतो ती घरातलं वडीलधारं गेलं तरच. गेणबाचे आईबाप कधीच गेले होते. खरं कारण सांगावं तर अनुसया समोर उभी. त्यानं मान खाली घातली.

गोजराबाईनं विचार केला. ह्याच्या हातून कुणाचं पाणी घालायचं राहिलंय? राहिलाय तो एकच, ताम्हिणीचा चुलता. कोंडीराम. बायको मागंच गेलेली, मूलबाळ नाही, वय ऐंशीच्या घरात. "कोंडीनाना गेलं व्हय?" तिनं विचारलं. गेणबानं मान आणखी खाली घातली. तिथंच कोंडीनाना गेले.

दुपारपर्यंत वाडीला कळलं. अनुसयानं नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "कुनी आणला निरोप?" तो म्हणाला, "आला निरोप." कुठून, ते त्याला सुचेना. घरात चूल पेटली नाही. शेजारणींनी पिठलंभाकरी आणून दिली. भिवाजी येऊन जवळ बसला आणि, सुतकाचं घर म्हणून, त्यानंही बिडी पेटवली नाही. त्यामुळं तर गेणबाचा दिवस आणखीच वाईट गेला. इकडं गोजराबाई आणि आणखी चार बाया इरली पांघरून, भर पावसात घाटाकडं निघाल्या. नाना सगळ्यांचाच होता.

ताम्हिणीत कोंडीराम पडवीत बसून चहा पीत होता. पावसातून रडत येणाऱ्या बाया त्यानं लांबूनच पाहिल्या. कुणीतरी गेलंय हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कप खाली ठेवला, डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि जड मनानं विचारलं, "कोन गेलं गं गोजरे?"

गोजराबाई अंगणातच बसली.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला तसा, मुक्कामाला राहिलेल्या बायांना घेऊन कोंडीराम काठी टेकत वाडीत आला. मागं निम्मी वाडी. तो थेट गेणबाच्या ओट्यावर चढला.

"गेणू, मी कदी मेलो रं?"

गेणबा आत होता. तो बाहेर आला आणि पाया पडला. "मिशी जळाली नाना," तो म्हणाला.

"कशानं?"

"समईनं."

"समईत तोंड घालून काय करत हुतास? तेल पीत हुतास?"

गेणबानं अनुसयाकडं पाहिलं. अनुसयानं पदराच्या गाठीतून जळकं थोटूक काढलं आणि नानांपुढं ठेवलं. "निरोप खरा वाटंना, म्हणून काल सांजच्याला गाभाऱ्यात बघाया गेले, तिथं घावलं," ती म्हणाली. "सकाळी सांगणारच हुते. पर म्हणलं सुतक कुटवर पाळत्यात ते तरी बघावं."

कोंडीराम हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला लागला, आणि तो थांबायला बराच वेळ गेला. मग डोळे पुसून त्यानं खिशातून स्वतःची बिडी काढली, पेटवली आणि म्हणाला, "एवढ्यासाटनं? आरं, मी ह्या वयाला आलो वडत वडत. मला काय झालंय?"

"आईक," भिवाजी गेणबाला म्हणाला. त्याचं तोंड उजळलं होतं.

"आण ते शिंग हिकडं," कोंडीराम म्हणाला. गेणबाला शिंग त्यानंच शिकवलं होतं. पूर्वीच्या काळी त्याचं शिंग ऐकून लोक वाट विसरायचे असं जुनी माणसं सांगत. गेणबानं शिंग आणून दिलं. म्हाताऱ्यानं ते पुसलं, पाय रोवले, ओठ जुळवले आणि फुंकलं. नुसती हवा निघाली. त्यानं पुन्हा फुंकलं. गळ्याच्या शिरा टरारल्या, आणि शिंगाच्या तोंडून फुस्स झालं. कुणी हसलं नाही.

कोंडीराम शिंग मांडीवर ठेवून दम खात बसला.

"दात पडलं म्हणून शिंग सोडलं, आसं मी समद्यास्नी सांगितलं," तो म्हणाला. "दात मागनं पडलं."

त्यानं हातातल्या बिडीकडं पाहिलं. ती तो टाकून देईल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं एक झुरका घेतला. "मला आता हिच्याबिगर कोन हाय? मी न्हाई सोडायचा. तू सोड."

"सोडतो नाना, पर तलप आली की डोस्कं फिरतंय."

"आली की शिंग घ्यायचं आन् दम सोडायचा. सूर न्हाई निगाला तरी चालंल. तलप दिसभर ऱ्हात न्हाई. पावण्यावाणी येती, कुनी बस म्हणलं न्हाई की उटून जाती."

गेणबानं ते मनावर घेतलं, आणि वाडीचे हाल सुरू झाले. तलप आली की शिंग वाजायचं. सकाळी ओढ्याकडून वाजायचं, दुपारी देवळातून वाजायचं, जेवण झाल्यावर तर हमखास. गुरं भलत्या वेळी घराकडं वळायला लागली. कुणाचे पाहुणे आले म्हणून बाया दाराशी येऊन बघायच्या. एक दिवस हैबतराव आला आणि हात जोडून म्हणाला, "लगनात तुजा दम अडला ते बरं हुतं, आसं म्हणायची पाळी आणू नगंस. पाण्यावर जाऊन वाजीव." मग गेणबा काठावर जाऊन वाजवायला लागला. पलीकडच्या काठावरून कुणीतरी शिव्या द्यायचं, पण पाण्यावरून येईतो त्यांचा अर्थ राहायचा नाही.

हळूहळू शिंग कमी वाजू लागलं. महाशिवरात्रीला पालखी निघाली तेव्हा गेणबाची मिशी पुरती आली होती आणि पोटही आलं होतं. त्यानं फुंकलं. पूर्वीइतका लांब आवाज गेला नाही असं काही जाणती माणसं म्हणाली. पण सूर मधे कुठं तुटला नाही. ताम्हिणीहून आलेला कोंडीराम पालखीमागं चालता चालता थांबला आणि सूर संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

त्या संध्याकाळी भिवाजी ओट्यावर येऊन म्हणाला, "गेणबा, मीबी सोडली."

"कदी?"

"आत्ता. येताना."

दोघं बसले. दोघांच्याही हातात काही नव्हतं. बोलावं काय ते कुणाला सुचेना. एवढ्या वर्षांत ते कोरड्या तोंडानं एकमेकांशी बोललेच नव्हते. शेवटी भिवाजीनं म्हशीचं दुखणं काढलं, त्यावरून बायकोचं निघालं, त्यावरून धाकट्या भावाशी धरलेला अबोला निघाला, जो गेणबानं कधी ऐकलाही नव्हता. जेवायच्या हाका आल्या तरी ते बसूनच होते.

भिवाजीची बिडी काही सुटली नाही. दुसऱ्याच दिवशी तो परत ओढायला लागला. मात्र ओट्यावर ओढायचा नाही. ओढ्याशी ओढून, चुळा भरून मग गप्पांना यायचा. गेणबा त्याला कधी काही बोलला नाही. तो येऊन टेकला की फक्त जरा जवळ सरकून बसायचा.