एकवीस खडे

ललिताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या फाटकापाशी एसटीची वाट बघत उभी होते. मंगळवार होता. दर मंगळवारी त्या बदनापूरहून जालना आणि जालन्याहून आमचं गाव, अशा दोन गाड्या करून यायच्या. फोनवर त्यांचा मुलगा होता. "मॅडम, मम्मी पहाटे गेली. हार्टचं…" यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "मग आज रेणूचं काय?" कोण रेणू, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो बिचारा मलाच सॉरी म्हणाला. गाडी आली, थांबली आणि तीर्थपुरीच्या दिशेनं निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच होते.

चार वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे समुपदेशक म्हणून आल्या, तेव्हा मुख्याध्यापिका या नात्यानं मी एक खोली रिकामी केली, पडदा लावला, समोरासमोर दोन खुर्च्या ठेवल्या आणि दारावर पाटी रंगवून घेतली. दोन महिने त्या खोलीत कुणी फिरकलं नाही. आत गेलेल्या पोरीला मधल्या सुट्टीपर्यंत सगळी शाळा वेडी म्हणणार, हे मला सुचलं नव्हतं. ललिताताई मारवाडी घरातल्या, वडिलांचं भुसार दुकान, लहानपण धान्य निवडण्यात गेलेलं. एक दिवस त्यांनी खिचडीचे तांदूळ परातीत घेतले आणि मागच्या ओसरीवर जाऊन बसल्या. जाणाऱ्या एका मुलीला म्हणाल्या, "जरा मदत कर गं, मला बराबर दिसत न्हाई." ती बसली. पुढच्या मंगळवारी दुसरी बसली. निवडताना मान खाली असते, हात गुंतलेले असतात, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही… मुलं बोलायला लागली. माझ्या खिडकीतून शब्द ऐकू येत नसत. फक्त परातीत तांदूळ सरकल्याचा आवाज, लिंबाची हलती सावली, मधूनच एखादं हुंकारणं. सह्या करता करता माझा पेन कधी थांबायचा, कळायचं नाही. शाळा कुठल्या तरी पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची.

मग खिचडीवाल्या कमलमावशी तक्रार घेऊन आल्या. "मॅडम, ह्या बाई निवडलेल्या तांदळात परत खडे टाकून राह्यल्या. म्या डोळ्यानं बघितलं. पगार खडे काढायचा हाय का टाकायचा?"

मी तडक ओसरीवर गेले. पोरांच्या अन्नात खडे म्हणजे काय? ललिताताईंनी हिंगाची पिवळी डबी दाखवली. "एकवीस हायत, मॅडम. मोजून टाकते, मोजून काढते, मंगच तांदूळ चुलीकडं जातो. ती पोरगी अजून बोलली न्हाई. तांदूळ संपला की ती उठून जाईल ना."

मला ते पटलं नाही. पण थांबवलंही नाही.

रेणू आठवीतली. हे तिचं खरं नाव नाही. दिवाळीनंतर तिनं बोलणं सोडलं, हजेरीला नुसता हात वर करायची. घरच्यांनी सगळं करून पाहिलं होतं, मीही रागावून पाहिलं. ललिताताईंच्या परातीशी मात्र ती मंगळवारमागून मंगळवार बसली. शेवटच्या मंगळवारी जाताना त्या माझ्या दारात थांबल्या. "आज बोलली. अर्धंच. बाकीचं पुढच्या मंगळवारी सांगते म्हणली." तो पुढचा मंगळवार म्हणजे फोनचा दिवस.

नवीन माणूस लवकरच देऊ, असं वरून कळलं. मावशींनी डबी आणून दिली. "त्यांची हाय. टाकून देऊ का?" मी खणात ठेवली. तिसऱ्या मंगळवारी पाहिलं तर रेणू ओसरीच्या कडेला उभी, रिकाम्या जागेकडे बघत.

मी परात घेतली. गुडघे दुखतात, तरी खाली बसले. "जरा मदत कर. मला नीट दिसत नाही." माझा चष्मा नवा आहे, तिलाही ते माहीत होतं. ती बसली. माझा स्वभाव असा की विचारायचं, उत्तर घ्यायचं, कामाला लागायचं. त्या दिवशी पाच-सहा प्रश्न जिभेवर आले, ते तिथंच ठेवले. ऊन पायरीवरून खाली उतरलं. तांदूळ संपला. ती काही बोलली नव्हती. ती उठणार, हे तिच्या पायांवरून दिसत होतं.

ललिताताई पदराआडून ते करायच्या. मला ती कला नाही. मी डबी उघडली आणि सगळे खडे तिच्यासमोरच परातीत ओतले. परातीच्या काठावर खणखण आवाज झाला.

रेणूनं परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई हळू टाकायच्या," ती म्हणाली. "आवाज न्हाई व्हायचा."

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. परात तिनं थोडी आपल्याकडे ओढली, मान खाली घातली आणि निवडता निवडता राहिलेलं अर्धं सांगितलं. ते इथं लिहायचं नाही. तास संपल्याची घंटा झाली, मी उठले नाही.

डबी आता मंगळवारी माझ्याजवळ असते. खडे एकवीसच आहेत, हिंगाचा वास अजून गेलेला नाही. कितीही जपून टाकले तरी माझ्या हातून आवाज होतो. कुणी मुलगी वर बघत नाही.