पदरानं पुसलेली पायरी

परवा घरापुढच्या ओट्यासाठी पाथरवट काळा दगड घडवत होता. त्या भुकटीचा करपट वास आला आणि मला किन्हवलीकडच्या एका गावातली संध्याकाळ आठवली. तिथे टेकडीच्या उतारावर अर्धगोल दगडी पायऱ्यांचं खुलं नाट्यगृह आहे, दुष्काळाच्या साली रोजगार हमीवर गावानंच बांधलेलं. मी शाळेत नवी शिक्षिका होते. गॅदरिंगच्या दिवशी पाहुण्यांसाठी पहिल्या पायरीवर सतरंजी अंथरायला गेले, तर तिथे एक म्हातारी येऊन बसलेली. "आजी, उठा. ही साहेबांची जागा आहे," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "उठते गो बाय," म्हणत ती उठली, बसली होती ती जागा पदरानं पुसली आणि दगडाच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "पाठीला पोर बांधून बशिवलाय ह्यो आमी. अजून हालला नाय." मग काठी टेकत ती पार वरच्या पायरीवर जाऊन बसली. साहेब आलेच नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत सतरंजी रिकामी होती, आणि चारचौघांत आपली चूक दिसेल म्हणून मी तिला खाली बोलावलं नाही. परवा दगड बसवून झाल्यावर पाथरवट म्हणाला, "बाई, बसून बघा, हालतो का." मला बसवेना.